तरुण ताऱ्यांचे बदलते रेडिओ उत्सर्जन

वायू आणि धुळीच्या मेघांत नव्याने जन्मलेल्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींची तीव्रता स्थिर नसते. काही ताऱ्यांची रेडिओ तेजस्विता वर्षानुवर्षे हळूहळू बदलते. काहींची अर्ध्या तासात दहापट होते आणि काही तासांत पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येते. या चढउतारांना तरुण ताऱ्यांचे परिवर्ती रेडिओ उत्सर्जन म्हणतात. रात्री उघड्या डोळ्यांना दिसणारी ताऱ्यांची लुकलुक आपल्या वातावरणामुळे होते. इथे मात्र बदल ताऱ्याजवळच घडतो, आणि तो किती वेळात घडला यावरून तिथे नेमके काय चालले आहे हे ओळखता येते. त्यामुळे या क्षेत्रात ताऱ्याचे एकच चित्र घेऊन भागत नाही, त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

मृग नक्षत्रातील प्रयोगशाळा

हिवाळ्याच्या संध्याकाळी पूर्वेला उगवणारे मृग नक्षत्र बहुतेकांना ओळखता येते. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण ही त्याची खूण. या बाणाच्या दक्षिणेला अंधुक ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे आणि तिच्या मध्यावर धूसर डाग दिसतो. तो मृगातील मोठा तेजोमेघ. साध्या द्विनेत्रीतूनही तो चांगला दिसतो.

हा तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या आत आणि मागे हजारो ताऱ्यांचा एक गुच्छ आहे. त्यांचे वय काही दशलक्ष वर्षे, किंवा त्याहूनही कमी. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे हे लक्षात घेतले तर हे तारे अक्षरशः पाळण्यातले आहेत. त्यांतल्या अनेकांभोवती अजून वायू आणि धुळीच्या चकत्या फिरत आहेत. अशाच चकतीतून पुढे ग्रह तयार होतात.

दृश्य प्रकाश धुळीत अडकतो, त्यामुळे यांतले पुष्कळ तारे साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत. रेडिओ लहरी आणि जास्त ऊर्जेचे क्ष-किरण धुळीतून बाहेर येऊ शकतात. म्हणून या गुच्छाचा अभ्यास मुख्यतः अवरक्त, रेडिओ आणि क्ष-किरण दुर्बिणींनी होतो.

रेडिओ लहरी येतात कुठून?

तरुण ताऱ्यांच्या परिसरात रेडिओ लहरी तयार होण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग औष्णिक आहे. वायू तापला किंवा त्यावर अतिनील किरण पडले की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा वायू मग आयनीभूत झाला असे म्हणतात. सुटा इलेक्ट्रॉन धनभारित आयनाजवळून जाताना वळतो आणि वळताना रेडिओ लहर सोडतो. तो आधीही मुक्त असतो आणि नंतरही मुक्तच राहतो, म्हणून याला मुक्त-मुक्त उत्सर्जन म्हणतात. अशा वायूचे तापमान सुमारे १०,००० केल्विन असते. तरुण तारा चकतीतून पदार्थ ओढून घेताना त्यातला काही भाग ध्रुवांच्या दिशेने झोतांच्या रूपात बाहेर फेकतो. या झोतांतून असे उत्सर्जन येते. मृगातील तेजोमेघात त्याचे आणखी एक कारण आहे. मध्यभागी असलेल्या थीटा-१ ओरायनिस सी या प्रखर ताऱ्याचे अतिनील किरण शेजारच्या लहान ताऱ्यांच्या चकत्या अक्षरशः उकळवून काढतात. त्या चकत्यांभोवती आयनीभूत वायूचे कवच तयार होते आणि तेही रेडिओ लहरी सोडते.

दुसरा मार्ग चुंबकीय आहे. तरुण तारे वेगाने स्वतःभोवती फिरतात आणि त्यांच्या आतला वायू सतत वरखाली घुसळत असतो. या दोन्हींमुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रे फार प्रबळ असतात. सूर्यावर चुंबकीय क्षेत्राच्या रेषा पिळल्या जातात, तुटतात आणि नव्याने जुळतात, तेव्हा सौर ज्वाला उसळतात. तरुण ताऱ्यांवर हेच फार मोठ्या प्रमाणात घडते. सुटलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्या वेगाच्या लक्षणीय अंशापर्यंत पळवते. हे इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती मळसूत्रासारखे फिरत रेडिओ लहरी सोडतात. याला जायरोसिंक्रोट्रॉन उत्सर्जन म्हणतात. याच घटनेत वायू काही कोटी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरणही बाहेर पडतात.

घड्याळ लावून ओळख

रेडिओ दुर्बिणीच्या चित्रात हे दोन्ही स्रोत सारखेच दिसू शकतात. दोन्ही ठिकाणी फक्त एक ठिपका असतो. फरक कळतो तो वेळेतून.

कोणतीही वस्तू तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रकाश जायला लागणाऱ्या वेळेपेक्षा झटकन, एकसंधपणे, उजळू किंवा मावळू शकत नाही. ३० मिनिटांत प्रकाश सुमारे ५४ कोटी किलोमीटर जातो. म्हणून एखाद्या स्रोताचे तेज अर्ध्या तासात दहापट झाले, तर तो स्रोत साधारण एवढाच किंवा याहून लहान असला पाहिजे. सूर्यापासून गुरू सरासरी ७८ कोटी किलोमीटर दूर आहे. म्हणजे हा सगळा प्रकार गुरूच्या कक्षेहून लहान जागेत घडतो आहे. ताऱ्याचे झोत आणि चकत्यांभोवतीची कवचे सहसा यापेक्षा बरीच मोठी असतात आणि त्यांतला वायू इतक्या झपाट्याने बदलत नाही. तेव्हा मिनिटे आणि तासांत होणारा बदल चुंबकीय भडक्याकडे बोट दाखवतो. महिने आणि वर्षे घेणारा बदल बहुधा झोतातल्या वायूचा असतो.

वेळेखेरीज आणखी तीन खुणा आहेत.

• वर्तुळी ध्रुवीकरण : चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या लहरींत विद्युत क्षेत्राची दिशा एका ठरावीक बाजूने गोल फिरताना आढळू शकते. औष्णिक उत्सर्जनात असे होत नाही.

• वर्णपट : आयनीभूत झोताचे तेज वारंवारता वाढवली की साधारण तेवढेच राहते किंवा हळूहळू वाढते. चुंबकीय उत्सर्जनाचा वर्णपट वेगवेगळ्या आकाराचा असतो आणि भडक्यादरम्यान तो बदलतोही.

• आकारमान : हजारो किलोमीटर अंतरावरच्या दुर्बिणी जोडून घेतलेल्या निरीक्षणात केवळ अतिशय लहान आणि अतिशय प्रखर स्रोतच टिकून राहतात. अशा जाळ्याला तारा दिसला, तर त्याचे उत्सर्जन चुंबकीय आहे हे जवळपास निश्चित होते.

दक्षिण मुकुट तारकासमूहातील आयआरएस ५ या स्रोताचे उदाहरण बोलके आहे. हा अजून धुळीच्या वेष्टनात गुरफटलेला आदितारा आहे. त्याच्या रेडिओ लहरींत वर्तुळी ध्रुवीकरण आढळल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ताऱ्याची घडण पूर्ण होण्याआधीच त्याच्यावर चुंबकीय उलथापालथ सुरू होते, असा त्याचा अर्थ. मात्र असे आदितारे क्वचितच पकडीत येतात. त्यांच्याभोवतीचा आयनीभूत वारा आतून येणाऱ्या रेडिओ लहरी शोषून घेतो. चुंबकीय भडका झाला तरी तो पडद्याआड राहतो. वारा विरळ झालेल्या, थोड्या मोठ्या वयाच्या तरुण ताऱ्यांमध्ये तो सहज दिसतो.

योगायोगाने सापडलेले भडके

न्यू मेक्सिकोतील व्हीएलए ही २७ अँटेनांची रेडिओ दुर्बीण १९८० च्या दशकात पूर्ण क्षमतेने काम करू लागली आणि तरुण ताऱ्यांचे रेडिओ ठिपके दिसू लागले. १९८५ मध्ये एरिक फायगेलसन आणि तिएरी माँमेर्ल यांनी ऱ्हो ओफियुकी या ताऱ्याजवळच्या मेघातील डीओएआर २१ या ताऱ्याचे टोकाचे रेडिओ चढउतार प्रसिद्ध केले. हा मेघ वृश्चिक राशीतील ज्येष्ठा ताऱ्याच्या अगदी जवळ दिसतो.

२० जानेवारी २००३ रोजी मृगातील तेजोमेघाकडे रोखलेल्या कॅलिफोर्नियातील बीमा या मिलिमीटर दुर्बिणीला एक अनपेक्षित प्रखर ठिपका दिसला. तो जीएमआर-ए हा आधीपासून माहीत असलेला तरुण तारा होता. काही तासांत त्याचे तेज पाचपटीहून अधिक वाढून १६० मिलिजान्स्कीवर पोहोचले. जान्स्की हे रेडिओ तेज मोजण्याचे एकक असून त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिजान्स्की. एवढ्या दूरच्या ताऱ्यासाठी हा आकडा प्रचंड आहे. योगायोग असा, की त्याच दिवसांत चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीणही याच तेजोमेघाचे दीर्घ निरीक्षण करत होती. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव असलेल्या या दुर्बिणीच्या नोंदीत जीएमआर-ए रेडिओ शोधाच्या सुमारे दोन दिवस आधीच क्ष-किरणांत दहापट उजळलेला आढळला.

असाच प्रकार २६ नोव्हेंबर २०१६ रोजी घडला. हवाईतील मौना केआ पर्वतावरची जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बीण तारानिर्मिती क्षेत्रांवर नियमित पाळत ठेवत होती. तिला मृगातील मेघात जेडब्ल्यू ५६६ या जोडताऱ्याचा भडका एक मिलिमीटरहून लहान तरंगलांबीवर सापडला. ३१ मिनिटांत त्याचे तेज निम्म्यावर आले. सौर ज्वालांशी तुलना करता तो सुमारे एक हजार कोटी पट शक्तिशाली असल्याचा संशोधकांचा अंदाज आहे.

अशा योगायोगांवर विसंबून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. हे भडके दुर्मीळ आहेत, की आपण पुरेसा वेळ पाहत नाही? २०१२ मध्ये नूतनीकरण झालेल्या व्हीएलएने मृगातील गुच्छाकडे एकाच जागी रोखून ३० तास निरीक्षण केले. त्यात ५५६ लहान रेडिओ स्रोत सापडले. आधीच्या याद्यांच्या तुलनेत ही संख्या सातपटीहून जास्त होती. चंद्रा दुर्बीणही त्याच वेळी तिकडे पाहत होती. यान फोर्ब्रिख आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात १३ स्रोतांमध्ये टोकाचे रेडिओ चढउतार आढळले. काहींचे तेज ३० मिनिटांपेक्षाही कमी वेळात दहापट बदलले होते. हे सर्व स्रोत क्ष-किरणांतही दिसले. पण प्रत्येक रेडिओ भडक्याबरोबर क्ष-किरणांचा भडका आला असे झाले नाही. दोन्हींची स्पष्ट सांगड मोजक्याच घटनांत लागली. सूर्यावरून आलेले चित्र तरुण ताऱ्यांना जसेच्या तसे लागू पडत नाही, हे त्यातून दिसले.

जोडताऱ्यांच्या गाठीभेटी

काही भडक्यांचे वेळापत्रक मात्र सांगता येते. वृषभ राशीच्या दिशेला असलेल्या डीक्यू टाउरी या जोडीतले दोन तरुण तारे १५.८ दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. त्यांची कक्षा लांबट असल्याने प्रत्येक फेरीत ते एकदा फार जवळ येतात. एप्रिल २००८ मध्ये फ्रान्सच्या आल्प्समधील मिलिमीटर दुर्बिणीने या जोडीचा मोठा भडका टिपला. नेहमी १७ मिलिजान्स्कीच्या आसपास असलेले तेज ४६८ मिलिजान्स्कीपर्यंत, म्हणजे सुमारे २७ पट वाढले होते. तारे एकमेकांजवळ येण्याचीच ती वेळ होती. पुढच्या निरीक्षणांत जवळिकीच्या वेळी पुन्हा भडके दिसले. दोन ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांवर आदळतात, त्यांच्या रेषा तुटून नव्याने जुळतात आणि भडका होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. वृषभेतल्याच व्ही७७३ टाउरी या सुमारे ५१ दिवसांची फेरी असलेल्या जोडीतही असे आवर्ती भडके आढळले आहेत.

मोजमापात होणारी फसगत

हा विषय केवळ भडक्यांच्या कुतूहलापुरता नाही. ताऱ्याभोवतीच्या चकतीत किती धूळ आहे हे बहुधा मिलिमीटर लहरींतल्या तेजावरून काढतात. त्यावरून तिथे ग्रह तयार होण्याइतका माल आहे का, हे ठरते. धुळीचे तेज स्थिर असते आणि तेज दुप्पट तर धूळ साधारण दुप्पट, असा हिशोब असतो. डीक्यू टाउरीचे एकुलते एक निरीक्षण नेमके भडक्याच्या क्षणी झाले असते आणि ते सगळे तेज धुळीचे मानले असते, तर चकतीचे वस्तुमान २७ पट जास्त आले असते.

म्हणून मिलिमीटर निरीक्षणांत काही तासांच्या किंवा दिवसांच्या अंतराने पुन्हा मोजणे, आणि एकाच निरीक्षणाचे छोटे तुकडे करून त्यांतले तेज तपासणे महत्त्वाचे आहे. दीर्घ निरीक्षणाची सरासरी काढली की भडका तिच्यात बुडून जातो.

सावकाश बदलणारे झोत

दुसऱ्या टोकाला वर्षानुवर्षांचे बदल आहेत. हंस तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ४,२०० प्रकाशवर्षे दूर डब्ल्यू७५एन नावाचे तारानिर्मिती क्षेत्र आहे. तिथल्या व्हीएलए २ या मोठ्या वस्तुमानाच्या आदिताऱ्याचा आयनीभूत वारा १९९६ मध्ये जवळपास गोल दिसत होता. २०१४ मध्ये तोच लांबट झालेला आढळला. विखुरलेल्या वाऱ्याचा निमुळता झोत होण्याची सुरुवात माणसाच्या आयुष्याच्या अवधीत पाहायला मिळणे ही फार विरळा गोष्ट आहे.

भडक्यांवरून मोजलेले अंतर

चुंबकीय उत्सर्जनाचा एक व्यावहारिक उपयोगही झाला आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने जवळच्या ताऱ्याचे आकाशातले स्थान वर्षभरात किंचित सरकताना दिसते. त्या सरकण्यावरून अंतर काढता येते. हवाईपासून कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटापर्यंत पसरलेल्या व्हीएलबीए या दहा अँटेनांच्या जाळ्याने मृगातील जीएमआर-ए आणि इतर काही तरुण ताऱ्यांवर ही पद्धत वापरली. २००७ मध्ये त्यातून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे हे अंतर आले. २०१७ च्या मोजणीत ते सुमारे १,२६५ प्रकाशवर्षे ठरले. त्याआधी वापरात असलेला आकडा १,५०० प्रकाशवर्षांहून जास्त होता. अंतर कमी झाले की ताऱ्यांची खरी तेजस्विता कमी ठरते आणि तेजस्वितेवरून काढलेली त्यांची वयेही बदलतात. अस्थिर म्हणून त्रासदायक वाटणाऱ्या स्रोतांनीच सगळ्या गुच्छाची मोजपट्टी दुरुस्त केली.

खोडदहून दिसलेला झोत

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरी टिपते. तरुण ताऱ्यांचे औष्णिक उत्सर्जन या पट्ट्यात अतिशय क्षीण असते. त्यामुळे इथे काही ठळक दिसले, तर ते वेगळ्या कारणाने असण्याची शक्यता वाढते. सूर्यासारख्या वस्तुमानाच्या डीजी टाउरी या तरुण ताऱ्याची ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झवरची जीएमआरटीची निरीक्षणे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या झोताच्या मार्गात, ताऱ्यापासून दूर, चुंबकीय स्वरूपाचे उत्सर्जन आढळले. झोत भोवतालच्या वायूवर आदळतो त्या ठिकाणी इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ जात असावेत, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. अतिवेगवान कण ताऱ्याच्या पृष्ठभागाजवळच तयार होतात असे नाही, झोताच्या टोकाशीही होऊ शकतात, याचा हा महत्त्वाचा संकेत होता.

आपल्या सूर्याचे बालपण

सूर्यही कधीकाळी अशाच मेघात जन्मला. तोही असाच भडकत असावा का? याचा काहीसा पुरावा उल्कापाषाणांत सापडतो. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे उल्कापाषाणात सूर्यमालेतले सर्वांत जुने घन कण आहेत. त्यांत बेरिलियम-१० या किरणोत्सारी समस्थानिकाच्या खुणा असल्याचे २००० साली जाहीर झाले. बेरिलियम-१० ताऱ्यांच्या गर्भात बनत नाही. वेगवान कण इतर अणूंवर आदळून त्यांचे तुकडे करतात तेव्हाच ते तयार होते. आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षेच असल्याने ते त्या कणांच्या जन्माच्या आसपासच बनलेले असणार. हा मारा तरुण सूर्याच्या भडक्यांनी केला, की ज्या मेघातून सूर्य जन्मला त्यातच आधी विश्वकिरणांनी केला, यावर अजून एकमत नाही.

या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी सूर्यासारखे तरुण तारे किती वेळा आणि किती जोराने भडकतात याची पक्की आकडेवारी लागेल. भारताचा सहभाग असलेली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभी राहत असलेली एसकेए दुर्बीण एकाच वेळी आकाशाचा मोठा भाग पाहू शकेल आणि क्षीण स्रोतही टिपेल. तोवर मृगातल्या त्या धूसर डागाकडे तासन्तास, पुन्हा पुन्हा पाहत राहणे हाच मार्ग आहे. ज्या चकतीतून पृथ्वी घडली ती शांत होती की कणांच्या माऱ्याखाली होती, हे तिथल्या पाळण्यातल्या ताऱ्यांच्या भडक्यांची मोजदाद केल्यावरच ठरवता येईल.